अळणी अमावास्या

१२ सप्टेंबर १९४३

ह्यांना धरून नेलं त्याला गुरुवारी वर्ष झालं. वडूजच्या मोर्चात धरले, तीन वर्षांची शिक्षा झाली, येरवड्याला पाठवले. नेण्याआधी कचेरीच्या आवारात भेट झाली तेव्हा म्हणाले, "शकू, घरात काय घडतंय ते लिहून ठेव. आलो की वाचतो." मी मोठ्या हौसेने वही सुरू केली. पण वर्षभरात लिहिण्यासारखं घडलं काय? बैल आजारी पडला, बैल बरा झाला. ते कोण वाचणार? आज मात्र घडलं.

दिवेलागणीला मी गोठ्यात शेण भरत होते. कडब्याच्या गंजीमागून एक मुलगा लंगडत पुढे आला. विशी-बाविशीचा, दाढी वाढलेली, पायाला चिंधी गुंडाळलेली. म्हणाला, "पाहुण्याचं घर हेच ना?"

एवढंच विचारलं आणि माझी छाती भरून आली. भीती नंतर वाटली.

ह्या घराला पंचक्रोशीत त्याच नावाने ओळखतात. सत्तावनच्या बंडात एक स्वार साताऱ्याकडून पळत मामंजींच्या आजोबांकडे आला. त्यांनी त्याला गोठ्यातल्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या कोठारात, लपवला. गोऱ्यांनी घराला वेढा दिला. घरातलं मीठ संपलं, तरी कुणी बाहेर गेलं नाही, कुणी तोंड उघडलं नाही. सगळे अळणी खाऊन राहिले. शेवटी घर जाळतील म्हणून तो आपणहून वर आला आणि फासावर गेला. तेव्हापासून भाद्रपदाच्या अमावास्येला या घरात मीठ शिवत नाहीत. मडकं उंबऱ्याबाहेर काढून ठेवतात, अळणी रांधतात आणि पहिलं पान पेवाच्या तोंडाशी मांडतात, पाहुण्याचं म्हणून. माझे वडील सातारला मास्तर. त्यांनी मला या कोरडवाहू मुलखात दिली ती ह्याच गोष्टीवर भाळून. "शेत काय, आज आहे उद्या नाही, घर इमानाचं आहे," असं म्हणाले होते. तसं ओढ्याकाठचं बागायती रानही आहे. ते सत्तावननंतर घराकडे आलं. कसं आलं ते कुणी सांगत नाही. चांगल्याचं चांगलं होतं म्हणायचं.

तर असा आमच्याकडे पुन्हा एकदा पाहुणा आला आहे. सरकारी लेव्हीत ज्वारी गेल्याने पेव रिकामंच होतं.

१५ सप्टेंबर

त्याचं नाव चिंतामण. सांगलीचा, वकिलाच्या कारकुनाचा मुलगा. कॉलेज सोडून भूमिगतांत गेला. तारा तोडल्या, त्याच्या नावावर पकडवॉरंट आहे. पळताना पायात बाभळीचा काटा मोडला, त्याचा पू झाला. पाय बरा झाला की रानातली पोरं, त्याचे भूमिगत साथीदार, त्याला न्यायला येणार आहेत. दिवसा गोठ्यात कडब्याआड असतो, कुणी फिरकलं की पेवात उतरतो. त्याआधी कंदील दोरीने खाली सोडून पाहावा लागतो; विझला तर खालची हवा वाईट.

ब्राह्मणाचा मुलगा, पण भाकरी-ठेचा आमच्यापेक्षा जास्त खातो. मीठ मात्र दर वेळी वरून मागतो. मी म्हटलं, "अहो, ठेच्यात आहे की!" तर हसला. "आई म्हणायची, हा मागच्या जन्मी समुद्र होता."

मामंजी पहिल्या दिवशी त्याच्याकडे बघत उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "ऱ्हावा. पाय बरा हुस्तवर कुठं जानार तुमी?" माझा ऊर अभिमानाने भरून आला. आत्याबाईंचं मात्र काही कळत नाही. माझ्या सासूबाई, बयाबाई, एरवी भिकाऱ्यालाही रिकाम्या हाताने धाडत नाहीत. पण मला चुलीपाशी ओढून म्हणाल्या, "सूनबाई, त्येला उद्याच्या उद्या वाटंला लाव. ह्या घरात पाव्हणा नगं." मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही असं म्हणावं? ह्या घरच्या तुम्ही!" त्यावर त्या भाकरी थापत राहिल्या. लेक तुरुंगात गेल्यापासून बाईचं काळीज लहान झालं आहे.

२१ सप्टेंबर

आज लालासाहेबांनी पाहिलं. माझे चुलत दीर, शेजारचंच घर. ओढ्याकाठच्या रानाच्या बांधावरून दोन घरांत वाकडं आहे. मी तांब्या-भाकरी घेऊन गोठ्याकडे चालले होते, तर कुडावरून म्हणाले, "वैनी, बैलं बी कालवण खाया लागली व्हय?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. माणूस थट्टेखोर, पण डोळे बारीक. मला आवडलं नाही.

मामंजी आज पुन्हा वडूजला गेले होते, बैलाचं औषध आणायला. औषध मिळालं नाही म्हणाले. संध्याकाळी ओट्यावर बसून राहिले. मी पाणी दिलं तर म्हणाले, "सूनबाई, अजून दोन वरसं. म्या तवर जगतोय व्हय? किस्नाचं त्वांड दिसंल का मला?" इतका ताठ माणूस, पण डोळ्यांत पाणी होतं. मलाही रडू आलं. दोघे मिळून रडलो.

२६ सप्टेंबर

चिंतामणच्या पायाची सूज उतरली. रानातल्या पोरांचा निरोप आला, उद्या नेतो म्हणून. तोही निघायला उतावीळ झाला. आत्याबाईंनी तर मी न सांगताच त्याच्यासाठी दशम्या करून ठेवल्या.

पण अमावास्या बुधवारी. मनात आलं, ज्या घरात पाहुण्याचं रिकामं पान वर्षानुवर्षं मांडलं जातं, तिथे जिवंत पाहुणा असताना त्याला दोनच दिवस आधी काढून द्यायचं? मी त्याला म्हटलं, "एवढी अमावास्या घ्या. तुम्ही त्या पानावर जेवलात तर ह्या घराचं सोनं होईल." तो नाही म्हणाला. मग मी मामंजींना मध्ये घातलं. ते बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, मग म्हणाले, "आवसंला ऱ्हाऊ दे की. जेवून जाईल." थोरल्या माणसाचा शब्द तो मोडणार कसा? राहिला. निरोप्याला सांगितलं, गुरुवारी या.

आत्याबाईंनी दशम्या गाईपुढे टाकल्या.

३० सप्टेंबर

लिहिते. लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

काल अमावास्या. मिठाचं मडकं बाहेर, फडकं बांधून. अळणी भात, अळणी आमटी, खीर. पेवाच्या तोंडाशी पान मांडलं आणि चिंतामण त्याच्यावर बसला. मी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "म्हणजे आज मीठ मागितलं तरी मिळणार नाही? बरं आहे. तुमच्या त्या स्वाराची बरोबरी होऊ दे एकदा." तोंड वाकडं करत करत दोनदा भात घेतला. मामंजी जेवायला बसले नाहीत, पोटात कळ येते म्हणाले.

आज उजाडताना पोलीस आले. घराची झडती घेतली नाही, माळा बघितला नाही, कुणाला दरडावलं नाही. तडक गोठ्यात. कडबा बाजूला केला, पेवावरची फळी काढली. त्यांच्यातल्या एकाच्या हातात दोरी बांधलेला कंदील तयार होता. तो खाली सोडून पाहिला आणि मग फौजदार ओरडला, "वर ये, नाहीतर धूर करतो."

तो वर आला. कपाळाला माती लागली होती. माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, तुम्ही आत जा." बंदुकीचा दस्ता पाठीत बसला तेव्हा ओरडलासुद्धा नाही.

नशीब एवढंच की मामंजींनी तांबडं फुटायच्या आधीच बैल सोडून बाहेर बांधले होते. नाहीतर त्या गोंधळात बुजून कुणाला तरी तुडवलं असतं.

आमच्या घरातून पाहुणा नेला. सत्तावनला जे झालं नाही ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. कुणी सांगितलं? कोण जाणतं पेव? कोण जाणतं कंदील सोडावा लागतो ते?

४ ऑक्टोबर

रानातली पोरं विहिरीवर भेटली. तिघे होते, तोंडाला फडकी. म्होरक्या म्हणाला, "वैनी, कुणी बघितलं हुतं का त्येला?"

मी लालासाहेबांचं नाव घेतलं. कुडावरची थट्टा सांगितली. बांधाचं भांडण सांगितलं. ते आमच्याच कुळातले, पेव त्यांनाही ठाऊक. आणि फौजदार परत निघाला तेव्हा त्याला पाणी कुणी दिलं? त्यांनीच. म्होरक्याने विचारलं, "घरातलं कुनी न्हाई ना?"

मला इतका राग आला! म्हटलं, "हे पाहुण्याचं घर आहे, दादा. ह्या घरात असलं पीक येत नाही."

९ ऑक्टोबर

काल दुपारी पोरांनी लालासाहेबांना माळावर नेलं आणि तळपायांवर काठ्या मारल्या. बायको लीलाबाई हातापाया पडत मागे धावत होती. चार जणांनी घोंगडीत घालून आणलं. आता चालता येईल असं वैदूला वाटत नाही.

मी बघायला गेले. लोक काय म्हणतील म्हणून गेले, खोटं कशाला लिहू? ते पालथे पडले होते. मला ओळखून म्हणाले, "वैनी, आवस माझ्या बी घरात आळणीच असती. त्यो माजा बी पाव्हना हुता. म्या कसा सांगीन?"

चोर कधी कबूल होतो का, असं मनाशी म्हणत घरी आले. पण जेवण गेलं नाही.

६ नोव्हेंबर

हे आले! ध्यानीमनी नसताना, दुपारच्या वडूजच्या गाडीतून उतरून चालत. दोन वर्षं बाकी असताना सोडलं. म्हणाले, "प्रकृती बरी न्हाई म्हणून सोडत्यात म्हणं. मला तर साधं पडसं बी न्हाई!" आणि खदखदून हसले. सगळा गाव लोटला. मामंजी ह्यांना धरून लहान मुलासारखे रडले.

मी गोडाधोडाला लागले. आमटीत घालायला मीठ घ्यावं म्हणून हात घातला तर मडकं जागेवर नाही. पाहते तर उंबऱ्याबाहेर, फडकं बांधलेलं. अमावास्या उलटून आठवडा झाला होता, आणि तीही भाद्रपदातली नव्हे, दिवाळीची. आत्याबाई मागच्या दाराशी बसल्या होत्या. लेक वर्षाने घरी आला, पण भाकरतुकडा ओवाळायलाही उठल्या नव्हत्या.

मी विचारलं, "आत्याबाई, मीठ का बाहेर?"

त्या माझ्याकडे न बघता बोलल्या. जसं बोलल्या तसंच लिहिते.

"सत्तावनात येढा न्हवता पडला का काय न्हवतं. तुज्या मामंजीच्या बाला गोऱ्यांनी धरून सातारला न्हेला हुता. सोळा-सतरा वरसाचं प्वार. ह्यांच्या आज्यानं पेव उघडून दावलं आन् प्वार सोडवून आनलं. वर वड्याकाठचं रान मिळालं. ज्याला आपलं मीठ घातलं त्येला इकला, म्हनून त्या दिशी मिठाला हात लावायचा न्हाई. घरच्या म्हातारीनं नेम घातला. मला माज्या सासूनं सांगितलं. बापयास्नी येढ्याची गोष्ट ठावं, आमास्नी मिठाची."

"मग मामंजींना—"

"त्येंच्या बानं मरताना सांगितलं त्येस्नी. ठावं हाय. म्हनून तर पाव्हना नगं म्हनत हुते म्या. त्ये रोज वडूजला कशाला जात हुते, सूनबाई? बैलाला काय झालं हुतं?"

बैलाला काहीच झालं नव्हतं. हे मला रोज दिसत होतं. बैल बाहेर बांधलेले मी पाहिले, आणि नशीब म्हणून लिहूनही ठेवलं.

स्वयंपाक मी तसाच वाढला. हे म्हणाले, "आमटी जरा आळणी झालीया." मामंजी पुरता वाडगा प्याले.

१९ नोव्हेंबर

आता काय करावं? पोरांना सांगावं की लालासाहेब निर्दोष आहेत, तर ते विचारणार, मग कोण? नाव घेतलं तर मामंजींचे पाय फुटतील. साठी उलटलेला माणूस, मरेलच. म्हणजे मीही घरातल्या एकाला वाचवायला दुसऱ्याचा बळी देऊन बसले आहे. ह्या घराण्यात मी सून म्हणून आले, आता पुरती ह्याच घराण्याची झाले.

दोनदा लालासाहेबांच्या दारापर्यंत गेले. लीलाबाईंनी पाट दिला, पाणी दिलं. दोन्ही वेळा काही न बोलता परत आले.

ह्यांनी वही मागितली. वाळवी लागली, चुलीत घातली म्हणून सांगितलं.

२३ जानेवारी १९४४

चिंतामण गेला. तुरुंगात ताप येऊन गेला असं सरकारने कळवलं. प्रेत घरच्यांना दाखवलं नाही.

आज त्याची आई आली होती. सांगलीहून इतक्या लांब, शेवटचा टप्पा बैलगाडीने. त्याचे वडील विष्णुपंत गाडीतच बसून राहिले, उतरलेच नाहीत. बाईंनी माझ्यासाठी आणि आत्याबाईंसाठी खण-नारळ आणला होता. "माझ्या मुलाला तुम्ही पोटच्यासारखं ठेवलंत. त्याचा निरोप आला होता, पाहुण्याच्या घरी आहे, काळजी करू नकोस म्हणून. तेव्हापासून मी निवांत झोपत होते." हे ह्यांनी ऐकलं आणि खाली वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. ह्यांना काही ठाऊक नाही. ह्यांचा ऊर भरून आला होता, जसा माझा पूर्वी यायचा.

आत्याबाईंनी ओटी घेतली नाही. अंगात कणकण आहे म्हणून आत गेल्या. माझी भरली.

निघताना बाईंनी मला बाजूला घेतलं. "शेवटचं काय जेवला गं तुमच्याकडे?"

"भात, आमटी. खीर होती."

"पोटभर?"

"दोनदा भात घेतला."

"त्याला मीठ फार लागायचं. वरून वाढलंस ना?"

"वाढलं," मी म्हटलं. "हवं तेवढं."

बाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. गाडी ओढा उतरून गेली तरी मी तिथेच उभी होते. मामंजी दिवसभर रानातून आले नाहीत.

१७ सप्टेंबर १९४४

अमावास्या. मला सातवा महिना आहे.

सकाळी आत्याबाईंनी न बोलता दोन पत्रावळी धुतल्या. मीही न बोलता दोन्ही पेवाच्या तोंडाशी मांडल्या. ह्यांनी गावातली तरणी पोरं बोलावली होती, जेवणानंतर घराची गोष्ट सांगायला. आता गोष्टीत दोन पाहुणे आहेत, त्यामुळे लोक लांबून येतात.

हे आत आले. पानं बघून म्हणाले, "दुसरं कुणाचं? चिंतामणचं व्हय? बेस केलंस."

मामंजी भिंतीकडे तोंड करून बसले होते. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या सासूने त्यांना सांगितलं, त्यांनी मला. मीही माझी सून येईपर्यंत थांबायचं होतं. पण माझ्याने राहवलं नाही. वर्षभर गिळून पोटात दुसरी जागा उरली नव्हती.

म्हटलं, "ज्याच्या बदल्यात तुम्ही सुटून आलात, त्याचं."

सगळं सांगितलं. मामंजींच्या आज्यापासून वडूजच्या फेऱ्यांपर्यंत. मी त्याला हट्टाने ठेवून घेतला तेही, लालासाहेबांचं नाव विहिरीवर मीच घेतलं तेही. मामंजी मध्ये एकदाच बोलले. "माजं ल्योक हुतं त्ये," एवढंच.

हे खाली बसले. मला वाटलं, उठून पानं लाथाडतील. बापाच्या अंगावर जातील. नाहीतर लालासाहेबांच्या दारात जाऊन पडतील. मी ज्या माणसाची वर्षभर वाट बघितली, तो यातलं काहीतरी नक्की करेल अशी मला खात्री होती.

हे म्हणाले, "हुनाऱ्या पोराला ह्यातलं काय कळता कामा नये. त्येला मान वर करून चालू दे."

आत्याबाईंनी डोळे मिटले. "किस्ना पोटात असताना ह्येच म्हनालं हुतं त्ये बी," त्या पुटपुटल्या. कोण, ते मी विचारलं नाही.

मग हे तोंडावर पाणी मारून ओट्यावर गेले. पोरं जमली होती. कुडापलीकडे लालासाहेब आपल्या दारात बसले असतील; हल्ली दिवसभर तिथेच असतात, ओट्यावर बोललेला शब्द न् शब्द त्यांना ऐकू जातो. मी चुलीपाशी बसून ऐकत होते. ह्यांनी वेढा सांगितला, संपलेलं मीठ सांगितलं, चिंतामणचा पाय सांगितला. शेवटी म्हणाले, "दोनी बारीला ह्या घरानं त्वांड उघडलं न्हाई, गड्यांनो. दगा झाला त्यो भाऊबंदाकडनं झाला."

आवाज जराही कापला नाही. मामंजींचाही कधी कापला नव्हता.

आत्याबाईंनी माझं पान वाढलं. म्हणाल्या, "जेव. दोन जिवांची हाईस." मी जेवले.